चौघांच्या फ्लॅटमधला डीह्युमिडिफायर: एका हिवाळ्याचा अनुभव

डिसेंबरमध्ये एका अर्जासाठी मूळ मार्कशीट हवी होती, म्हणून मी पलंगाखालची सूटकेस ओढली. हँडल गार आणि किंचित चिकट लागलं. दिव्याखाली आणली तर भिंतीकडची अख्खी बाजू राखाडी-हिरव्या भुकटीने माखलेली. बोट फिरवलं की खालचं काळं कापड दिसायचं, आणि बोटाला कुबट वास चिकटून राहायचा. कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होते म्हणून वाचले. चामड्याच्या सँडल मात्र गेल्या. पट्ट्यांवर पांढरी लव उगवली होती. मागून माझी रूममेट ओरडली, "अगं, हात नको लावूस! आधी मास्क लाव." ती फार्मसी शिकते आणि तिला दमा आहे. तिच्या आवाजातली भीती खरी होती.

त्या रात्री आम्ही फ्लॅटमधली सगळी कपाटं आणि पलंग भिंतीपासून ओढून पाहिले. बाहेरच्या बाजूला असलेल्या दोन भिंतींवर, बरोबर कपाटाच्या मापात, काळ्या ठिपक्यांचे पट्टे होते. सप्टेंबरमध्ये सामान लावताना जागा वाचावी म्हणून आम्हीच कपाटं भिंतीला अगदी चिकटवून ठेवली होती.

आम्ही चौघं. मी अर्थशास्त्र शिकते. रूममेट माझ्याच भाषेची, बाकीचे दोघं वेगवेगळ्या देशांतले: एक मेकॅनिकलचा, दुसरा चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं लाकडी वाद्य, शिकणारा. चौघांचाही घराबाहेर राहण्याचा हा पहिलाच हिवाळा. तोवर आमचं बरं चाललं होतं, पण बुरशी दिसल्यावर दोन आठवडे घरात कोणी कोणाशी नीट बोलेना. मेकॅनिकलवाला म्हणे, तुम्ही दोघी झाकण न ठेवता तासन्‌तास शिजवता. आम्ही म्हणायचो, तो वीस-वीस मिनिटं गरम पाण्याखाली उभा राहतो. चेलोवाला खोलीतला हीटर बंद ठेवायचा, त्यावरून वेगळी कुरबुर. आणि सगळ्यांचेच ओले कपडे सगळ्याच खोल्यांत, दारांवर, खुर्च्यांवर, हीटरवर. घरमालकांना फोटो पाठवले, तर त्यांचं उत्तर एका ओळीचं: तुम्ही खिडक्या उघडत नाही.

ओल म्हटलं की माझ्या डोक्यात छत गळणं किंवा पाऊस झिरपणं, एवढंच यायचं. घरात पाणी बाहेरूनच येतं असं मी धरून चालले होते. इथे छत ठणठणीत होतं आणि पाणी आम्हीच तयार करत होतो, हे कळायला मला वेळ लागला. ते आधी समजून घेतल्याशिवाय डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारं यंत्र, घेण्यात काही अर्थ नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते.

हवा जितकी उबदार, तितकी जास्त वाफ ती धरून ठेवू शकते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, ५ अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. खोली २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल (म्हणजे मावू शकते त्याच्या ६० टक्के वाफ हवेत असेल), तर १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतून पाणी सुटायला लागतं. या तापमानालाच त्या हवेचा दवबिंदू म्हणतात. हिवाळ्यात बाहेरची भिंत, त्यातही कपाटामागची जिथे उब पोचतच नाही ती, सहज तेवढी गार असते. शिवाय बुरशी थेंब दिसण्याची वाट पाहत नाही. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास बरेच दिवस राहिली की तिला पुरतं.

पाणी किती, हे मेकॅनिकलवाल्याने दाखवून दिलं. विमानतळावर बॅगा तोलण्यासाठी आणलेला हुकवाला काटा माझ्याकडे होता. मशीनमधून पिळून निघालेले कपडे त्याने एका पिशवीत भरून काट्याला लटकवले: ६.३ किलो. वाळल्यावर तीच पिशवी ४.२ किलो. २ लिटरपेक्षा जास्त पाणी एका धुण्यातून आमच्या खोल्यांच्या हवेत गेलं होतं, आणि आम्ही आठवड्याला पाच-सहा धुणी लावत होतो. त्यात झोपेतला श्वास आणि घाम. एका खोलीत दोघी रात्रभर दार लावून झोपलो की त्यातूनच अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत येतं. त्या काट्यावरचा आकडा पाहिल्यावर शिजवण्यावरून आणि आंघोळीवरून चाललेली भांडणं जवळजवळ थांबली. खरा मोठा वाटा कपड्यांचा होता, आणि तो चौघांचाही होता.

आधी आम्ही स्वस्तातले उपाय केले. ओल शोषणारे प्लॅस्टिकचे डबे आणले. त्यांत कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात, ते हवेतलं पाणी ओढून विरघळतात आणि खाली खारं पाणी जमतं. बंद कपाटात किंवा सूटकेसजवळ ठेवायला ठीक आहेत. खोलीसाठी त्यांचा काही उपयोग नाही: आमच्या डब्यात तीन आठवड्यांत पाव लिटरही जमलं नव्हतं. त्यातला एक लवंडला आणि लाकडी फरशीवर कितीही पुसला तरी ओलसर राहणारा डाग पडला. ते पाणी हाताला लागलं तर चुरचुरतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरा उपाय खिडकीचा. आम्ही खिडकी दिवसभर किलकिली ठेवायचो. त्याने खोली गारठायची, खिडकीच्या कडेची भिंत आणखी थंड व्हायची आणि ठिपके नेमके तिथेच वाढायचे. हीटर चालू असल्यामुळे बिलही चढलं. योग्य पद्धत म्हणजे समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि मग घट्ट लावायच्या. हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. बाहेर पाऊस असताना खिडकी उघडल्याने घर कोरडं कसं होईल, असं मला वाटायचं. पण बाहेरची ५ अंशांची, ९० टक्के दमट हवा आत येऊन २० अंशांवर तापली की तिचीच आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास येते. हे आम्ही अजूनही सकाळ-संध्याकाळ करतो. घरमालकांचं अर्धं म्हणणं बरोबर होतं, ते मान्य आहे. पण चौघांचं धुणं आणि आठ-आठ तास बाहेर असलेले आम्ही, एवढ्यावर भागत नव्हतं.

मग जानेवारीच्या सुरुवातीला शिक्षण संपवून निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून जुना डीह्युमिडिफायर घेतला. कंपनीचं नाव देत नाही, कारण या घडणीची यंत्रं अनेक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे. आमचं यंत्र कॉम्प्रेसरचं. आत फ्रिजसारखीच गार नळ्यांची जाळी असते, पंखा खोलीतली हवा तिच्यावरून ओढतो, पाणी खालच्या ३ लिटरच्या टाकीत पडतं आणि कोरडी हवा किंचित कोमट होऊन बाहेर येते. टाकी भरली की लाल दिवा लागतो आणि यंत्र आपोआप थांबतं. टाकी किती मोठी दिसते त्यापेक्षा ती भरलेली असताना न सांडता निघते का, हे घेताना पाहा. आमची निघते, मुठीला आधार चांगला आहे.

ते घरी आणताना ट्रॉलीवर आडवं ठेवून आणलं होतं. मेकॅनिकलवाल्याने चालूच करू दिलं नाही. आडव्या यंत्रात कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमध्ये जातं, ते परत खाली उतरेपर्यंत उभं ठेवून थांबावं लागतं. आम्ही पूर्ण एक दिवस थांबलो. तेवढ्यात मागची जाळी काढली तर तिच्यावर धुळीचा तपकिरी थर, नमद्यासारखा सोलून निघाला. जुनं यंत्र घ्याल तर ती जाळी सगळ्यात आधी धुवा. आता आम्ही दर दोन आठवड्यांनी धुतो. धूळ साचली की पाणी कमी निघतं, हे टाकीत लगेच दिसतं.

पहिल्या रात्री यंत्र चारही दारांच्या मधल्या बोळात ठेवलं, दारं अर्धवट उघडी. सकाळी साडेसहाला उठून पाहिलं तर लाल दिवा. ३ लिटर पाणी, स्वच्छ, गार, एका रात्रीचं. मी ती टाकी दोन्ही हातांनी उचलून बेसिनपर्यंत नेली आणि ओतताना पहिल्यांदा मला कळलं की आम्ही इतके दिवस कशात झोपत होतो. आरशावरची वाफ त्या दिवशी आंघोळीनंतर दहा मिनिटांत गेली. रूममेट चार रात्रींनी म्हणाली की तिला पहाटे खोकून उठावं लागलं नाही. तिचा दमा यंत्राने बरा केला असं मी म्हणणार नाही, तिची औषधंही चालूच होती. पण ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाचा त्रास आणि दमा वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. ते पान तिनेच छापून फ्रिजवर लावलं होतं.

खोक्यावर '२० लिटर' लिहिलेलं असतं, त्याने फसू नका. तो आकडा बहुतेक वेळा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत २४ तासांत निघणाऱ्या पाण्याचा असतो. हिवाळ्यात कुठल्या विद्यार्थ्याची खोली ३० अंशांवर असते? १८-२० अंशांच्या घरात त्याच्या निम्म्याहून कमीच पाणी निघतं. म्हणून चौघांच्या घराला १० लिटरचं यंत्र पुरेल असं समजून लहान घेऊ नका.

थंडीत तर कॉम्प्रेसरच्या यंत्राचा जीवच जातो. चेलोवाल्याची खोली १३ अंशांवर असायची. यंत्र तिथे ठेवलं की थोड्या वेळाने आतून खळखळ आवाज यायचा, मग नुसता पंखा फिरत राहायचा. आतल्या जाळीवर बर्फ धरत होतं आणि ते वितळवण्यात निम्मा वेळ जायचा. रात्रभरात टाकीत दोन पेलेसुद्धा पाणी नाही. साधारण १५ अंशांच्या खाली ही अडचण येतेच. तुमचं घर तेवढं थंड असेल तर दुसऱ्या प्रकारचं यंत्र घ्या. त्यात ओल शोषणारं चाक असतं, हीटरने ते सतत सुकवलं जातं. गारठ्यातही चांगलं चालतं, वजनाला हलकं असतं, पण वीज जास्त खातं. आम्ही त्याऐवजी चेलोवाल्याला हीटर थोडा चालू ठेवायला सांगितलं आणि त्या वाढीव खर्चात सगळ्यांनी वाटा उचलला. एका खोलीचा गारठा सगळ्या घराच्या ओलीला कारण होतो, तर पैसे त्याच्या एकट्याच्या माथी मारणं मला पटत नव्हतं.

त्याच्यामुळेच आम्ही यंत्र ५० टक्क्यांवर लावायला शिकलो. मी आधी ३५ वर लावलं होतं, जितकं कोरडं तितकं बरं म्हणून. तो धावतच आला. लाकडी वाद्याला ४० ते ६० टक्क्यांमधली आर्द्रता लागते, फार कोरड्या हवेत लाकूड आक्रसून चीर पडू शकते. माणसालाही फार कोरडी हवा सोसत नाही, घसा आणि डोळे कोरडे पडतात. चेलोसाठी म्हणून धरलेला आकडा आमच्या सगळ्यांसाठीच योग्य निघाला.

मात्र यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. ते स्वतःच्या जवळची, नुकतीच कोरडी केलेली हवा मोजतं. वेगळा लहान हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, घ्या आणि तोही एकदा तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ते वाळूसारखं ओलं करा, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून आठ-दहा तास थांबा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. आमचा ७१ दाखवत होता, म्हणून त्याच्या पाठीवर पेनाने '+४' लिहून ठेवलंय.

सगळ्यात मोठा फरक पडला तो वाळवणाने. स्वयंपाकघरामागे एक अडगळीची खोली आहे, खिडकी नसलेली. तिथे स्टँड, तिथेच यंत्र, दार बंद. आता कपडे फक्त तिथेच वाळतात, असा नियम केला. एक धुणं सात तासांत खडखडीत वाळतं, जीन्सच्या कमरेच्या पट्टीसकट. आधी दोन दिवस लागायचे आणि तरी वास यायचा. सॉकेटला मीटर लावून पाहिलं: चालताना साधारण २८० वॅट, म्हणजे एका धुण्याला २ युनिटच्या आत. कपड्यांतलं पाणी उडून जाताना खोलीची उष्णता घेतं. तेच पाणी यंत्रात पुन्हा थेंब झालं की ती उष्णता, यंत्राने खाल्लेल्या विजेसकट, घरातच राहते. त्यामुळे जानेवारीच्या रात्री ती अडगळीची खोली घरातली सगळ्यात उबदार जागा असायची. टॉवेलांच्या खाली, जमिनीवर गादी टाकून आम्ही तिघं-चौघं तिथे वाचत बसायचो. या शहरात माझी पहिली खरी ओळख त्या खोलीत झाली, असं म्हटलं तरी चालेल. मेकॅनिकलवाल्याच्या आईला काय झालंय, चेलोवाला परत जायचा विचार का करतोय, हे सगळं मला तिथे कळलं.

तक्रारी आहेत. आवाज. पुस्तिकेत काहीही लिहो, झोपायच्या खोलीत हे यंत्र चालू ठेवता येत नाही. कॉम्प्रेसर सुरू-बंद होताना ठक्क होतं आणि जाग येते. वजन १४ किलो, आणि चाकं उंबरठ्यावर अडकतात. टाकीतलं पाणी फरशी पुसायला वापरा, पिऊ मात्र नका. त्यात खोलीतली धूळ आणि जंतू असतात. आणि यंत्र आहे म्हणून जुनी बुरशी आपोआप जात नाही. ती आम्ही हातमोजे-मास्क घालून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसली. कोरड्या ब्रशने घासली तर तिची भुकटी घरभर उडते. ब्लीच वापरायचंच असेल तर दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. रूममेटने दमच दिला होता. तिला आम्ही त्या दिवशी घरात थांबू दिलं नाही.

एक गोष्ट यंत्राने अनपेक्षितपणे केली. फेब्रुवारीपर्यंत सगळ्या खोल्या ५० ते ५५ टक्क्यांवर आल्या, कपाटं वीतभर पुढे ओढलेली, नवे ठिपके कुठेच नाहीत. फक्त बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरचा एक पट्टा ओलाच. हात लावला की गार, आणि दर आठवड्याला थोडा वर चढलेला. हवा कोरडी असताना एकच जागा ओली राहते, तेव्हा पाणी हवेतून येत नसतं. मी तीन आठवड्यांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे तक्त्यात मांडून घरमालकांना पाठवले. यावेळी त्यांनी प्लंबर पाठवला. टाइल्समागचा सांधा गळत होता. ते खरं तर माणूस वाईट नाहीत. हातात आकडे नसताना त्यांना आणि आम्हाला एकमेकांवर संशय घेण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. भिंत दुरुस्त झाली, आणि डिपॉझिटमधून काही कापणार नाही असं त्यांनी लिहून दिलं. हे लेखी घ्याच.

खर्चाचं: चौघांनी समान वाटले, आणि कागदावर लिहून ठेवलं की जो आधी जाईल त्याचा हिस्सा त्याच्या खोलीत येणारा नवा माणूस देईल, दरवर्षी थोडा कमी करून. सामायिक वस्तू घेताना हे पहिल्याच दिवशी ठरवा. एप्रिलमध्ये चेलोवाला गेला तेव्हा यावर एक वाक्यही बोलावं लागलं नाही. त्याच्या खोलीत आलेल्या मुलीने पैसे दिले आणि हायग्रोमीटरच्या पाठीवर '+४' का लिहिलंय ते विचारून घेतलं.

एकटे राहत असाल, कपडे बाहेरच्या ड्रायरमध्ये वाळवत असाल, आणि हायग्रोमीटर रोज ५५ च्या खाली दाखवत असेल, तर हे यंत्र घेऊ नका. आधी फक्त हायग्रोमीटर घ्या. पण तीन-चार जण, घरातच वाळणारं धुणं, सकाळी काचांवरून ओघळणारं पाणी, असं असेल तर सूटकेसला हात लावेपर्यंत थांबू नका. आम्ही ऑक्टोबरमध्येच घ्यायला हवं होतं.

टाकी ओतायचं विसरलं की यंत्र रात्रभर बंद पडून राहतं, त्यावर आता तोडगा निघालाय. मागे नळी लावायची जागा आहे; यंत्र उंचावर ठेवलं तर पाणी आपसूक बाथरूमच्या मोरीत जाईल. त्यासाठी १४ किलो पेलणारं स्टूल हवं होतं, ते परवा मिळालं.